ई-सायकलला मडगार्ड कशासाठी?

आपल्या दानातून घेतलेल्या ई-सायकलींवर आमच्या सेविका मोखाड्याच्या पाड्यांवर औषधे नेतात. मडगार्डचा वेगळा खर्च कशाला, असे काहींनी विचारले.

पावसात चाकाने उडवलेले पाणी औषधांच्या पिशवीवर आणि मोटरच्या वायरीच्या जोडावर बसते. म्हणून पूर्ण लांबीचे मडगार्ड हवे. बसवताना आम्ही आधी बॅटरी काढतो. टायर व मडगार्ड यांत दोन बोटे जागा सोडतो. नाहीतर चिखल अडकून पुढचे चाक थांबते आणि सेविका पडते. मडगार्डच्या सळ्या वायरीला घासू देत नाही. पुढच्या मडगार्डखाली रबरी पट्टी लावतो. नट दर आठवड्याला आवळतो.

औषध कोरडे आणि सेविका सुखरूप पोहोचावी, यासाठी प्रार्थना करा.