चौकोनी हॉफमनचं आरोग्यधाम

आपल्या शहरांतल्या महागड्या त्वचा-क्लिनिकमध्ये सोनेरी कडांचा आरसा, खोटी ऑर्किडं आणि भिंतीवर चित्रकार क्लिम्टच्या 'चुंबन'ची छापील प्रत असली, की सजावट झाली असं धरून चालतात. खुद्द क्लिम्टच्या मित्रांनी श्रीमंतांसाठी एक आरोग्यधाम सजवलं होतं. तिथे सोन्याची झळाळी नव्हती. पांढरा, काळा आणि थोडा निळा, एवढ्यावर भागवलं होतं.

व्हिएन्नाच्या पश्चिमेला पुर्कर्सडोर्फ गाव आहे. उद्योजक व्हिक्टर झुकरकांडलने १९०३ मध्ये तिथली जुनी उपचारसंस्था विकत घेतली. त्याची वहिनी बर्टा ही नव्या कलेची खंदी पाठीराखी. तिच्यामुळे नव्या इमारतीचं काम क्लिम्टचा मित्र, वास्तुरचनाकार योझेफ हॉफमनकडे गेलं. त्याच वर्षी हॉफमन आणि कोलोमान मोझर यांनी फ्रिट्झ व्हेर्नडोर्फरच्या पैशावर 'व्हीनर वेर्कश्टेट' ही कारागिरांची संस्था काढली होती. १९०४-०५ मध्ये इमारत उभी राहिली.

इथे येणारे बहुतेक शहराच्या धबडग्याने मज्जा शिणलेले. त्यांच्यावर स्नानं, मालिश, यंत्रांवरचा व्यायाम असे उपचार होत. उजेड, मोकळी हवा, स्वच्छता आणि डोळ्यांना कुठेही न अडखळवणारी मांडणी हासुद्धा औषधाचाच भाग, असं हॉफमनने धरलेलं दिसतं. सपाट छप्पर, पांढऱ्या भिंती, आणि त्यांच्या कडांनी धावणारी निळ्या-पांढऱ्या छोट्या फरशांची किनार. एखाद्या साध्या सुती लुगड्याला काठ असावा तशी. आत काँक्रीटच्या तुळया झाकल्याच नाहीत. त्यांच्याच ओळींची नक्षी झाली. चौकोनाच्या या वेडापायी लोक त्याला 'चौकोनी हॉफमन' म्हणत.

मला भुरळ पडते ती भोजनगृहातल्या खुर्चीची. वाफेवर वाकवलेलं बीचचं लाकूड, पाठीच्या फळीला गोल भोकांच्या रांगा, आणि बैठकीला पाय जिथे मिळतो तिथे खाली एक लाकडी गोटी. बघणाऱ्याला ती शोभेची वाटते, पण सांध्याला बळकटी देण्याचं काम तीच करते. दालनासाठी मोझरने केलेली खुर्ची म्हणजे उभ्या पट्ट्यांचा चौकोनी खोकाच. तिची विणलेली बैठक बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी.

१९२६ मध्ये दुसऱ्या वास्तुरचनाकाराने वर एक मजला चढवला आणि छपराची ती नेमकी रेषा बिघडली. व्हिक्टर १९२७ मध्ये गेला. झुकरकांडल कुटुंब ज्यू. १९३८ मध्ये नाझींच्या राजवटीत आरोग्यधाम त्यांच्या हातून गेलं. व्हिक्टरकडे क्लिम्टची चित्रंही होती. त्यातलं झाडाखालच्या गुलाबांचं एक चित्र त्याच्या पुतणीला त्याच वर्षी कवडीमोलाने विकावं लागलं. पुढे तिची हत्या झाली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं ते चित्र वारसांना परत देण्याचं फ्रान्सने जाहीर केलं, तेव्हा २०२१ साल उजाडलं होतं.

१९९५ च्या दुरुस्तीत तो वाढीव मजला उतरवला. पुढे तिथे वृद्धनिवास आला. भोजनगृहातल्या त्या खुर्च्या मात्र आता संग्रहालयांत आणि लिलावांत भेटतात, आणि संग्रहालयातल्या खुर्चीवर कुणी बसू देत नाही.