तेराव्या वर्षीचे पदक काय सांगते?

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला जाणाऱ्यांची पावले राजवाड्याच्या रोषणाईकडे आणि जंबू सवारीच्या मिरवणुकीकडे वळतात. त्याच दिवसांत चामुंडी विहार स्टेडियमवर दसरा क्रीडा स्पर्धा रंगतात. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढून आलेले कर्नाटकातले खेळाडू इथे धावतात आणि उड्या मारतात. या पायऱ्या चढायची उमेद बाळगून राज्यात जागोजागी लहान मुले पहाटे मैदानावर येतात. त्यांच्यातला पुढचा विजेता कोण, हे ओळखायची सगळ्यांनाच घाई असते. विज्ञान मात्र सांगते, की इतक्या लवकर ते ओळखता येत नाही.

तेरा वर्षांच्या मुलांची एक रांग उभी करून पाहा. कुणाला मिसरूड फुटलेले असते, तर कुणाचा आवाजही फुटलेला नसतो. जन्मतारखा जवळपास सारख्या असल्या, तरी हाडे आणि स्नायूंच्या परिपक्वतेत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. ऐन भरात मुलगी वर्षाला सुमारे 8, तर मुलगा 9 ते 10 सेंटिमीटर उंच होतो. ज्याची ही वाढ लवकर होते, तो शंभर मीटरमध्ये पुढे आणि गोळाफेकीतही पुढे. त्याचे पदक खरेच असते, पण त्यात गुणवत्तेचा वाटा किती आणि लवकर मोठे होण्याचा किती, हे घड्याळ सांगू शकत नाही.

याच काळात शरीर नाजूकही असते. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेचे थर असतात. ते पक्क्या हाडापेक्षा कमकुवत असतात आणि स्नायूंचा ताण थेट त्यांच्या आसपास येतो. उड्या आणि वेगवान धावण्याचा अतिरेक झाला, की गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो किंवा टाच ठणकू लागते. डॉक्टर पहिल्या दुखण्याला ऑसगूड-श्लाटर आणि दुसऱ्याला सीव्हरचा विकार म्हणतात. बहुतेक वेळा विश्रांती आणि सरावातील बदल यांनी दोन्ही बरे होतात. ‘दुखले तरी पळ’ हा सल्ला मात्र या वयात महागात पडतो. शिवाय पाय आधी लांबतात, ताकद नंतर येते. काल सफाईने अडथळे ओलांडणारी मुलगी सहा महिन्यांनी अडखळू लागली, तर ती आळशी झालेली नसते. नव्या मापाच्या शरीराची तिला अजून सवय व्हायची असते.

स्पर्धांचे नियम करणाऱ्यांनी हे ओळखले आहे. प्रौढ पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा असतो. 20 वर्षांखालील मुले 6 किलोचा, तर 18 वर्षांखालील 5 किलोचा गोळा फेकतात. पुरुषांच्या 110 मीटर शर्यतीतला अडथळा 106.7 सेंटिमीटर उंच असतो, 18 वर्षांखालील मुलांसाठी तो 91.4 सेंटिमीटरवर आणला जातो. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेने 2001 मध्ये याहून लहान मुलांसाठी ‘किड्स अ‍ॅथलेटिक्स’ची आखणी केली. त्यात मुले संघाने खेळतात, हलका मऊ भाला फेकतात, बेडूकउड्या मारतात. आपल्याकडेही राष्ट्रीय आंतरजिल्हा स्पर्धेत 14 वर्षांखालील मुलांसाठी एकाच प्रकाराऐवजी वेगवेगळ्या प्रकारांना एकत्र गुंफणारी तिहेरी स्पर्धा आणली गेली. त्यामुळे बाराव्या वर्षीच मुलावर ‘हा चारशे मीटरवाला’ असा शिक्का बसत नाही.

शिक्का उशिरा बसण्याचा फायदा आकड्यांतही दिसतो. आर्ने ग्युलिश आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या वाटचालीचे अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत 772 खेळाडू जागतिक दर्जाचे होते. राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत या अव्वल खेळाडूंनी लहानपणी इतर खेळ जास्त खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीची त्यांची प्रगती धिमी होती. किशोर वयात चमकलेल्यांची गोष्ट नेमकी उलट होती: लवकर सुरुवात, एकाच खेळाचा भरपूर सराव, झटपट यश.

महाराष्ट्राच्या मातीत याची दोन ठसठशीत उदाहरणे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळायची. पाठलाग, हुलकावणी, झटक्यात दिशा बदलणे हे सगळे तिच्या पायांत तिथेच मुरले. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. 1984 मधील पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे याचे. सहा-सात किलोमीटरवरच्या शाळेत जाणे-येणे हाच त्याचा बालपणीचा सराव. तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये तैनात राहिला आणि त्यानंतर क्रॉस कंट्रीकडे वळला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्य जिंकले. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. तेराव्या वर्षीच्या चाचणीत एखाद्या निवड समितीने त्याला वगळले असते, तर त्या वेळच्या मापांनुसार कदाचित ते योग्यही ठरले असते, आणि नेमके तेच चिंतेचे आहे.

याचा अर्थ मुलांना वाऱ्यावर सोडावे असा नाही. कॅनडातील रॉबर्ट मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये एक सोपी पद्धत मांडली. वय, वजन, उभी उंची, बसलेल्या स्थितीतली उंची आणि पायांची लांबी एवढ्यावरून मूल वेगवान वाढीच्या टप्प्यापासून अंदाजे किती दूर आहे, हे काढता येते. लागते काय, तर भिंतीवरची मोजपट्टी, एक सपाट स्टूल आणि वजनकाटा. दर तीन महिन्यांनी ही नोंद झाली, तर उंची झपाट्याने वाढू लागताच प्रशिक्षकाला उड्यांची संख्या कमी करता येते, तंत्रावर भर देता येतो आणि उशिरा वाढणाऱ्याला आणखी दोन वर्षे गटात टिकवता येते. म्हैसूर असो वा नाशिक, शिबिरात नाव घालताना पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: मुलांची उंची नियमित मोजता का, एका आठवड्यात ती किती वेगवेगळे प्रकार करतात, आणि गेल्या वर्षी मागे पडलेली मुले यंदाही सरावाला येतात का?