ब्लॉक फोडला म्हणजे दुरुस्त झाला?

ऑटोकॅडवर दिवसभर बसणाऱ्याच्या बोटांना दोन कळांची सवय लागते, एक्स आणि एन्टर. दरवाजाच्या ब्लॉकमधली एकच रेघ हलवायची असते, पण क्लिक केलं की अख्खा दरवाजा निवडला जातो. मग शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, "अगं, फोड ना तो." एक्सप्लोड दिलं की रेघ मोकळी होते, काम होतं आणि फाइल पुढे जाते. ब्लॉक बदलायचा म्हणजे तो फोडायचा, हा समज असाच पक्का होत जातो.

मी शिकाऊ असताना एका वसतिगृहाच्या प्लॅनवर काम करत होते. खोल्यांचे ७२ दरवाजे होते आणि सगळे एकाच नावाच्या ब्लॉकचे. तीन ठिकाणी दार उघडताना कॉलमला आपटत होतं. मी ते तीन ब्लॉक फोडले आणि पल्ला दुसऱ्या बाजूला काढला. प्रिंट चोख आली. पुढे दरवाजांची यादी करायला फाइलमधले ब्लॉक मोजले, तर आकडा आला ६९. चौकटीही ६९च मागवल्या गेल्या. कागदावर दिसणारे ते तीन दरवाजे फाइलच्या लेखी दरवाजे उरलेच नव्हते. त्या होत्या चार रेघा आणि एक कमान.

ब्लॉकची रेखाकृती फाइलमध्ये एकदाच, व्याख्या म्हणून साठवलेली असते. प्लॅनवर दिसतात त्या तिच्या प्रती, आणि प्रत्येक प्रत फक्त कुठे, किती मोठी, कोणत्या कोनात एवढंच सांगते. ही कल्पना ऑटोकॅडच्या आधीची आहे. एमआयटीतल्या आयव्हन सदरलंड यांच्या १९६३च्या 'स्केचपॅड'मध्ये मूळ चित्र बदललं की त्याच्या सगळ्या प्रती बदलत. ऑटोकॅड आलं १९८२मध्ये. फोडणं म्हणजे त्या एका प्रतीचं मूळ चित्राशी असलेलं नातं तोडणं. उद्या व्याख्येत दाराची रुंदी वाढवली तर बाकीचे दरवाजे रुंद होतील, फोडलेला मात्र तसाच राहील.

मग आतली रेघ बदलायची कशी? बीएडिट देऊन ब्लॉक निवडला की ब्लॉक एडिटर उघडतो. तिथे बदल करून सेव्ह केलं की सगळ्या प्रती एकदम सुधारतात. भिंतीच्या संदर्भात राहूनच बदल करायचा असेल तर रेफएडिट आहे. आजूबाजूचा प्लॅन फिका होतो, ब्लॉक तेवढा ठळक राहतो, आणि काम झालं की रेफक्लोजने बदल जतन करायचे. माझ्या त्या तीन दरवाजांना तर एवढंही लागलं नसतं. ब्लॉक न फोडता नुसता मिरर केला असता, तरी पल्ला दुसऱ्या बाजूला गेला असता.

"पण मला एकच बदलायचाय, सगळे नाही," ही अडचण खरी आहे आणि बहुतेक जण इथेच फोडतात. त्याऐवजी एडिटरमध्ये बदल करून ब्लॉक नव्या नावाने सेव्ह करावा, जुना न बदलता बाहेर पडावं आणि त्या एका जागी नवा ब्लॉक टाकावा. मिनिटभर जास्त जातं, पण तो वेगळा दरवाजा यादीत आपल्या नावाने मोजला जातो.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे फोडल्यावर चित्र होतं तसंच राहतं. दरवाजावर 'डी-३' लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा ॲट्रिब्यूट असतं, म्हणजे ब्लॉकच्या प्रत्येक प्रतीत वेगळी भरता येणारी माहिती. फोडल्याबरोबर 'डी-३' जातं आणि त्या जागी 'दरवाजा_क्रमांक' असं रकान्याचं नावच उमटतं. भरलेली किंमत पुसली जाते. रंगांचंही तसंच. ब्लॉकमध्ये शून्य लेअरवर काढलेल्या रेघा ब्लॉक ज्या लेअरवर ठेवला असेल त्याचं रूप घेतात, आणि फोडल्या की परत शून्य लेअरवर जातात. मग दरवाजांचा लेअर बंद केला तरी या रेघा प्लॅनवर उरतात. फोडण्यावाचून इलाजच नसेल तर एक्सप्रेस टूल्समधलं बर्स्ट वापरावं. ते ॲट्रिब्यूटची किंमत साध्या मजकुरात बदलून जपतं आणि ब्लॉकचा लेअरही राखतं.

फोडल्याने फाइल हलकी होते, असंही ऐकू येतं. हिशेब करून पाहा. एका खुर्चीत ६० रेघा आणि सभागृहात ३०० खुर्च्या. ब्लॉक असेल तर ६० रेघा आणि ३०० संदर्भ. फोडल्या तर १८,००० सुट्या रेघा. शिवाय शेवटची खुर्ची फोडली तरी व्याख्या फाइलमध्ये असतेच, पर्ज केल्याशिवाय ती जात नाही.

एखादा ब्लॉक फुटत नाही, म्हणजे फाइल बिघडली असंही नाही. बनवणाऱ्याने फोडण्याची परवानगीच काढून घेतलेली असू शकते. ती ब्लॉक एडिटरच्या प्रॉपर्टीजमधून परत देता येते. तो ब्लॉक नसून बाहेरून जोडलेली फाइल असेल, तर ती आधी बाइंड करावी लागते. ग्रुप ही तर वेगळीच गोष्ट आहे. त्याला व्याख्या नसते, नुसता एकत्र बांधलेला गठ्ठा असतो. तिथे अनग्रुप लागतं, किंवा कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून ग्रुपची निवड तात्पुरती बंद केली की आतली वस्तू एकेकटी हाती येते.

डायमेन्शन फोडण्याबद्दल मात्र मी जरा कडक आहे. आकडा जागेवर बसत नाही म्हणून तो फोडून सरकवणारे मी पाहिलेत. अखंड डायमेन्शन भिंतीशी जोडलेलं असतं. भिंत सरकली की आकडा बदलतो. फोडलेल्या डायमेन्शनचा आकडा नुसता मजकूर असतो. भिंत १५० मिमी आत घेतली तरी तो ३००० असंच म्हणत राहतो, आणि साइटवरचा गवंडी टेप लावतो तो त्या लिहिलेल्या आकड्यावरूनच. आकडा सरकवायला त्याची ग्रिप पुरते.

कधीच फोडू नये, असं नाही. बाहेरून मिळालेल्या नळाच्या चित्रात ब्लॉकच्या आत ब्लॉक, त्याच्याही आत ब्लॉक असतात, आणि एक्सप्लोड दर वेळी एकच थर उलगडतं. त्यातून आपल्या कामापुरता नवा ब्लॉक बांधायचा तर फोडावंच लागतं. आतली एखादीच रेघ हवी असेल तर एनकॉपी ती न फोडता उचलून देतं.

वसतिगृहाच्या फाइलमध्ये दरवाजाची व्याख्या शाबूत होती. सुट्या रेघा पुसून मी तीन जागी तोच ब्लॉक पुन्हा टाकला, मिरर केला आणि मोजला: ७२. राहिलेल्या तीन चौकटी आल्या तोवर त्या खोल्यांचं प्लास्टर झालं होतं, आणि सुताराला कडा फोडून त्या बसवाव्या लागल्या.