रंगभूमीची शस्त्रे आणि विमानतळावरील तपासणी

मराठी रंगभूमी आणि शस्त्रे यांचे नाते जुने आहे. ऐतिहासिक नाटकातील मावळ्याच्या हाती ढाल-तलवार असते, सरदाराच्या कमरेला बिचवा असतो आणि पहारेकऱ्याच्या खांद्याला भाला. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाच्या तर नावातच कट्यार आहे. पूर्वी नाटक मंडळ्यांचे हे सारे सामान लाकडी पेट्यांतून, रेल्वेने आणि पुढे मोटारीच्या टपावरून गावोगाव फिरत असे. त्या प्रवासात पेटीत काय आहे, असे क्वचितच कोणी विचारी.

आता परिस्थिती बदलली आहे. मराठी नाटकांचे प्रयोग दिल्लीत होतात, तसेच आखाती देशांत, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतही होतात. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना येथून कलावंत जातात. मर्दानी खेळांची पथके दांडपट्टा घेऊन परप्रांतात प्रात्यक्षिके करतात. हा प्रवास बहुधा विमानाने होतो आणि विमानतळावर लाकडाच्या, बेगड लावलेल्या तलवारीकडेही निराळ्या दृष्टीने पाहिले जाते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी शस्त्रांची पेटी अडकली, तर प्रयोग अडतो. एखाद्या कलावंताच्या हातपिशवीत नकली पिस्तूल सापडले, तर तो कलावंतच चौकशीत अडकतो. म्हणूनच या तपासणीमागील कारणे आणि नियम कलासंस्थांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

खोट्या शस्त्राचा खरा धाक

‘हे तर खोटे आहे, यात भिण्यासारखे काय?’ असा प्रश्न कलावंताच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासात सापडते. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फोकर विमान दोघा तरुणांनी बळजबरीने लाहोरला नेले. प्रवासी व कर्मचारी सुखरूप परतले. विमान मात्र पुढे लाहोर विमानतळावर जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उड्डाण करण्यास बंदी केली. दोन देशांच्या संबंधांवर एवढा परिणाम घडविणाऱ्या त्या दोघांच्या हाती होते एक नकली पिस्तूल आणि एक लाकडी हातबॉम्ब.

अशीच घटना २० डिसेंबर १९७८ रोजी घडली. लखनौहून दिल्लीला निघालेले विमान खेळण्यातील पिस्तुलाच्या धाकाने वाराणसीला उतरविण्यात आले.

या दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. आकाशात असलेल्या वैमानिकाला समोरचे शस्त्र खरे की खोटे हे पारखण्यास सवड नसते आणि शेकडो प्रवाशांचा जीव पणास लावून त्याला ती परीक्षा घेताही येत नाही. त्याला ते खरेच मानावे लागते. जमिनीवर निरुपद्रवी असलेली प्रतिकृती विमानात खऱ्या शस्त्राचे काम करू शकते. त्यामुळे विमान सुरक्षेचे नियम वस्तूची मारक शक्ती पाहतात, तसेच तिचे रूपही पाहतात.

तपासणीची व्यवस्था

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९७४ साली सुरक्षाविषयक स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारले. शिकागो करारातील हे सतरावे परिशिष्ट असून सदस्य देशांचे नियम त्याच्या आधारे बनतात. भारतात १९७८ साली नागरी विमान वाहतूक सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. १९८५ मधील ‘कनिष्क’ विमानाच्या दुर्घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ पासून त्याला स्वतंत्र विभागाचे रूप देण्यात आले. सुरक्षेचे निकष ठरविण्याचे काम हा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो करतो. देशातील प्रमुख विमानतळांवर प्रवाशांची प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. या दलाकडे विमानतळ सोपविण्यास २००० साली जयपूरपासून सुरुवात झाली.

तपासणीच्या क्ष-किरण यंत्रात वस्तूचा आकार आणि तिची घनता दिसते. लाकूड, कापड, प्लास्टिक यांसारखे पदार्थ पडद्यावर नारिंगी छटेत, तर लोखंड, पोलाद निळ्या छटेत उमटतात. लाकडी पिस्तूल नारिंगी दिसले, तरी त्याचा आकार पिस्तुलाचाच असतो. पडद्यासमोरील कर्मचाऱ्याला काही सेकंदांत निर्णय घ्यावयाचा असतो. अशा वेळी त्याने पट्टा थांबवून पिशवी उघडावयास लावली, तर तो कलावंताचा अवमान नव्हे. ते त्याचे कर्तव्य होय.

हातातील सामान आणि नोंदवलेले सामान

विमानप्रवासात सामानाचे दोन प्रकार असतात. एक प्रवाशाबरोबर आसनापर्यंत जाणारे हातातील सामान आणि दुसरे खिडकीवर सुपूर्द करून विमानाच्या पोटात जाणारे नोंदवलेले सामान. रंगभूमीच्या शस्त्रांच्या बाबतीत या फरकालाच सर्वाधिक महत्त्व आहे.

खऱ्यासारखी दिसणारी बंदूक वा पिस्तुलाची प्रतिकृती, तलवार, कट्यार, भाला, वाघनखे यांपैकी काहीही हातातील सामानात नेता येत नाही. पाते बोथट आहे, मूठ लाकडी आहे किंवा वस्तू ॲल्युमिनियमची आहे, ही कारणे तेथे चालत नाहीत. देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशांना सहा इंचांपर्यंत पाते व एकूण नऊ इंचांपर्यंत लांबी असलेले कृपाण बाळगण्याची सवलत आहे. परंतु ती धर्माचरणाशी निगडित आहे. नाट्यप्रयोगासाठी तशी सवलत नाही.

ही शस्त्रे नोंदवलेल्या सामानातूनच न्यावीत आणि तेही विमान कंपनीची संमती घेऊन. कंपन्यांच्या अटी सारख्या नसतात. म्हणून तिकिटे काढतानाच लेखी विचारणा करणे हिताचे. पाते म्यानात किंवा जाड कापडात गुंडाळून टोकांना बूच अथवा गादीचे आवरण द्यावे, म्हणजे पेटी उघडणाऱ्या कर्मचाऱ्यास इजा होणार नाही.

येथे शस्त्रविषयक कायद्याचेही भान ठेवावयास हवे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. म्हणून खऱ्या बंदुकीची नळी वा चाप बसवून केलेल्या वस्तूस प्रतिकृती समजण्याची चूक करू नये. नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत परवान्याच्या कक्षेत येतात. दौऱ्यासाठी लाकूड, फायबर अथवा पातळ पत्र्याची, उघडच नाटकी वाटणारी शस्त्रे वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

दारू, रंग आणि बॅटऱ्या

युद्धाच्या प्रवेशासाठी लागणारे फटाके, धुराच्या कांड्या आणि खेळण्यातील पिस्तुलाच्या टिकल्या कोणत्याही सामानात नेता येत नाहीत; ती स्फोटक द्रव्ये ठरतात. रंगपटातील ज्वालाग्राही रंग, थिनर आणि रंगाचे फवारे यांनाही विमानात मज्जाव आहे. ही सामग्री प्रयोगाच्या ठिकाणीच, तेथील नियमांनुसार मिळवावी. सुट्या लिथियम बॅटऱ्यांचा नियम मात्र उलट आहे. त्या नोंदवलेल्या सामानात ठेवू नयेत. हातातील सामानात, टोके झाकून न्याव्यात.

परदेश दौरा

परदेशी जाताना विमानाच्या नियमांबरोबर त्या देशाचा कायदाही लागू होतो. अमेरिकेत बंदुकीची प्रतिकृती नोंदवलेल्या सामानात नेण्यास मुभा आहे. हातबॉम्बची प्रतिकृती मात्र दोन्ही सामानांत निषिद्ध आहे. ब्रिटनमध्ये हुबेहूब नकली बंदुकांवर २००६ च्या कायद्याने निर्बंध घातले असून नाट्यप्रयोग व चित्रपट यांसाठी त्यात अपवाद ठेवला आहे. कॅनडात खऱ्या बंदुकीसारख्या प्रतिकृती निषिद्ध वस्तूंत मोडतात व खाजगी व्यक्तीस त्या आयात करता येत नाहीत. एकाच दौऱ्यात न्यूयॉर्क आणि टोरांटो असतील, तर पहिल्या शहरी चाललेले पिस्तूल दुसऱ्या शहरी जप्त होऊ शकेल. अशा वेळी यजमान मंडळाकडून ती वस्तू तेथेच तयार करवून घेणे उत्तम.

आणखी एक सावधगिरी हवी. एखाद्या जुन्या घराण्यातील अस्सल तलवार हौसेने नाटकासाठी दिली जाते. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. मुद्दाम जुनाट दिसेल अशी घडवलेली प्रतिकृती असल्यास ती पुरावस्तू नसल्याबद्दल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधीच मिळवावे. त्याचप्रमाणे परतीच्या वेळी सीमाशुल्काचा प्रश्न उद्भवू नये म्हणून प्रस्थानाच्या वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून वस्तूंची नोंद करून घ्यावी.

प्रस्थानापूर्वी

दौऱ्यावर निघणाऱ्या संस्थेने एका जबाबदार व्यक्तीकडे शस्त्रांचे काम सोपवावे. सर्व शस्त्रे एकाच पेटीत ठेवावीत. ती प्रत्येकाच्या पिशवीत विखुरलेली नसावीत. पेटीत व व्यवस्थापकाजवळ वस्तूंची यादी, छायाचित्रे, संस्थेचे पत्र आणि निमंत्रणाची प्रत ठेवावी. विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचून सामान सुपूर्द करतानाच पेटीत काय आहे ते आपण होऊन सांगावे. विचारणा झाल्यावर उलगडा करण्यापेक्षा आधी सांगितलेली गोष्ट अधिक विश्वासार्ह ठरते. कागदपत्रांमुळे बंदी घातलेली वस्तू चालू शकत नाही. परंतु चालण्याजोग्या वस्तूविषयीचा संशय त्यांनी लवकर फिटतो. तपासणीच्या रांगेत बंदूक, बॉम्ब यांविषयी थट्टा करू नये, हे बालकलावंतांनाही समजावून सांगावे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपली हातपिशवी रिकामी करून पाहावी. मागील प्रयोगातील एखादा छोटा बिचवा तळाशी राहून गेलेला असतो.

विमानतळावरील पहारेकऱ्याचे काम आणि कलावंताचे काम एकमेकांच्या विरोधी नाही. खोटी वस्तू खरी वाटावी, यासाठी कलावंताने आपले कौशल्य पणाला लावलेले असते. ती वस्तू खरी वाटते, म्हणूनच पहारेकरी ती थांबवितो. पडदा वर जाण्यापूर्वी जशी रंगीत तालीम, तशीच दौऱ्यापूर्वी सामानाची ही तयारी. ती वेळेवर झाली, तर तलवार पेटीतून वेळेवर निघेल आणि दूरदेशीच्या मराठी प्रेक्षकाला आपले नाटक निर्विघ्नपणे पाहावयास मिळेल.