टमाट्याचं बी कोणतं निवडाल?

जून-जुलै आला की रोपं टाकायची घाई सुरू होते. यंदा अंगणात नाहीतर कुंडीत टमाटे लावायचेत ना? मग आधी एक प्रश्न विचारा : याचं बी पुढच्या वर्षी चालेल का?

संकरित म्हणजे हायब्रीड झाडाला फळं भरपूर लागतात. पण त्यांचं बी धरून पेरलं, तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. म्हणून बी दरवर्षी विकत! गावरान टमाट्याचं तसं नाही. त्याचं फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतं. जशी आई, तशी लेक! गावरान बी मिळालं नाही, तर 'पुसा रुबी' हा सरळ वाणही चालेल.

पण वाण पेरलाच नाही, तर तो कायमचा हरवतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी घरीच देशी बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता पाण्याचं काय? २०१६ साली आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, हे आईबाबांना विचारा. म्हणून भाजी धुतलेलं पाणीच झाडाला घाला.

निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ बियाला ठेवा. गरासकट बी दोन-तीन दिवस वाटीत ठेवा, मग धुऊन सावलीत वाळवा. पुडीवर वाणाचं नाव नि साल लिहा. आणि हो, थोडं बी मैत्रिणीला द्या. तुमचं गेलं, तरी तिच्याकडे उरेल!