किल्ली आपली, जमीन कोणाची?

विरार स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या बोळिंजचा कायापालट एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला. वाड्यांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या आणि मुंबईत घर न परवडणारा नोकरदार येथे स्थिरावला. घराची किल्ली हाती पडली, कर्जाचे हप्ते सुरू झाले, की आपण मालक झालो, अशी त्याची समजूत होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. सदनिका आपली, पण तिच्याखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? खाजगी इमारतीतील रहिवाशांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन होऊन तिच्या नावे अभिहस्तांतरण होईपर्यंत, ती सहसा जुन्या मालकाच्या वा विकासकाच्याच नावावर राहते. उद्या इमारत जीर्ण झाली, पुनर्बांधणीचा प्रश्न आला, म्हणजे या उणिवेची किंमत कळते.

ही वाट नवी नाही. श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ती १९१५ साली. पुढे १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याने संस्था स्थापन करून देण्याची आणि जमीन तिच्या नावे करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली. तो टाळाटाळ करीत असेल तर सदनिकाधारकांना स्वतः अर्ज करता येतो. २००८ च्या दुरुस्तीनंतर, त्याने अभिहस्तांतरण नाकारले तरी संस्थेस जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण मिळविता येते.

कायदा आहे; उणीव आहे ती पुढाकाराची. पहाटेची लोकल गाठणारा आणि रात्री थकून परतणारा माणूस सभेस कधी येणार, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु प्रारंभ अवघड नाही. रविवारी गच्चीवर सभा घ्यावी, मुख्य प्रवर्तक निवडावा, प्रत्येकाच्या नोंदणीकृत कराराची प्रत जमवावी आणि उपनिबंधकांकडे प्रस्ताव द्यावा. खरी कसोटी त्यानंतरची. दरवर्षी लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा झाली नाही, तर संस्था दोन-चार जणांची मिरासदारी बनते.

हिशेब लिहिणे, इतिवृत्त ठेवणे, कायद्याचे कलम वाचणे ही कामे शिक्षक आणि कारकून आयुष्यभर दुसऱ्यांसाठी करीत असतात. तीच त्यांनी आठवड्यातून दोन तास स्वतःच्या इमारतीसाठी करावीत. हप्ते फेडून घर मिळते. त्याखालची जमीन मात्र शेजाऱ्यांसोबत बसूनच मिळवावी लागते.