घोरपडे : एका आडनावाचा प्रवास

बंगळूरनजीकच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील एखाद्या कचेरीत ‘घोरपडे’ अशी पाटी दिसली, की महाराष्ट्रीय मनुष्य साहजिकच कोल्हापूरकडची चौकशी करू लागतो. वस्तुतः त्या पाटीचा धनी पिढ्यान् पिढ्या कर्नाटकातलाच असू शकेल.

मुधोळकर घराण्याच्या परंपरेप्रमाणे १४७१ च्या सुमारास बहामनी फौजेतील कर्णसिंह भोसले याने घोरपडीला दोर बांधून खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, चढून जिंकला. त्याच्या मुलास ‘घोरपडे’ हा किताब मिळाला. घोरपड माणसाचा भार कितपत सोशील, ही शंका रास्तच. तथापि भोसले व घोरपडे एका कुळीचे, ही समजूत या कथेशी निगडित आहे. आणि बंगळूरची जहागीर ज्यांच्याकडे होती त्या शहाजीराजांना १६४८ मध्ये जिंजीनजीक कैद केले, ते मुधोळच्या बाजी घोरपड्यांनी!

पुढे हे आडनाव तलवारीबरोबर दक्षिणेस पसरले. गुत्तीचे मुरारराव १७७६ मध्ये हैदरअलीपुढे पराभूत झाले; संडूरचे संस्थान मात्र १९४९ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत घोरपड्यांकडे राहिले.

इचलकरंजीकरांची गोष्ट निराळी. ते मूळचे जोशी, कोकणस्थ ब्राह्मण. नारो महादेव यांना सेनापती संताजी घोरपड्यांनी आश्रय देऊन वाढविले. त्या उपकाराचे स्मरण म्हणून त्यांनी धन्याचेच आडनाव धारण केले. १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला, तेव्हा तेथील गादीवर नारायणराव घोरपडे होते.